सईचा लॅपटॉप मी निवडला

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तिचा इतका अभ्यास करायचा, की तोवर ती बाजारातून नाहीशी व्हावी, हे माझे गेल्या तीस वर्षांचे धोरण आहे. मी एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत काम करतो. तेथे हा गुण समजला जातो. घरी मात्र माझ्या अभ्यासापायी पत्नीने, म्हणजे सुनीताने, दोन उन्हाळे मिक्सरविना काढले. (मिक्सर आला तेव्हा पावसाळा लागला होता आणि दोन्ही पसंतीचे रंग संपले होते.)

गेल्या वर्षी आमच्या सईला नाशकातच अंतर्गत सजावटीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. तिला लॅपटॉप हवा होता. हलका, पडदा पूर्ण मागे वळून पाटीसारखा होणारा, पेनाने त्यावर रेखाटता येणारा. कॉलेजात आराखडे काढायचे आणि घरी स्वतःची चित्रे. पहिल्याच संध्याकाळी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"बाबा, हा. बघितलाय, मैत्रिणीचा वापरूनही बघितलाय. हाच घेऊ."

"बघू," मी म्हणालो.

या 'बघू'वर आमच्या कार्यालयात कपाटे येता येता माणसे निवृत्त झाली आहेत!

पुढचे पाच आठवडे मी आखीव ताव घेऊन सात दुकाने फिरलो. वजनाबाबत छापील आकड्यांवर माझा विश्वास नव्हता. म्हणून पिशवीत दीड किलो साखर बरोबर नेत असे. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात साखर. दुकानांतले लोक माझ्याकडे आदराने पाहतात अशी माझी समजूत होती.

कॉलेज रोडच्या दुकानातल्या विक्रेत्या मुलीने पडदा मागे वळवून दाखवला. मी तो हातात घेतला, खालच्या बाजूला आलेल्या कळा दाबून पाहिल्या. एकही चालेना.

"हा बिघडलेला आहे," मी शांतपणे म्हणालो.

"काका, उलटा केला की कळा आपोआप बंद होतात. नाहीतर मांडीवर ठेवला की मांडीच टाइप करेल ना!"

"तशी लेखी सूचना यावर कोठे आहे?"

तिने मालकांकडे पाहिले. मालकांनी माझ्या पिशवीकडे पाहिले. "काका, चहा घेणार?" त्यांनी विचारले. नाशकात हा प्रश्न दोन प्रसंगी विचारतात. गिऱ्हाईक फार चांगले असले तर, किंवा ते आता निघावे असे वाटले तर. मी चहा घेतला.

तक्ता पूर्ण झाला. सोळा निकषांवर अव्वल आला तो सईने पहिल्या संध्याकाळी दाखवलेलाच लॅपटॉप! एखाद्या शहाण्या माणसाने येथे मान खाली घातली असती. मी तक्ता घडी घालून तिच्या हाती दिला आणि म्हणालो, "आता तुझी निवड योग्य ठरली."

"थँक्यू बाबा," ती म्हणाली. तिचा तो सूर माझ्या तेव्हा लक्षात आला नाही.

गुरुवारी लॅपटॉप घरी आला. सोमवारी सईला कॉलेजात पहिले सादरीकरण करायचे होते आणि त्याचे सारे आराखडे ती त्यावरच काढणार होती. माझ्या अभ्यासामुळे पाच आठवड्यांचे काम आता चार दिवसांवर आले होते.

सुनीता कुंकवाचा करंडा घेऊन आली. "जरा कुंकू लावते हं. नवी वस्तू आहे."

"सुनीता," मी हलक्या आवाजात म्हणालो, "यंत्राला कुंकू लावल्याने ते वेगाने चालते, असा एखादा पुरावा तुझ्याकडे असल्यास मी तो अवश्य वाचेन."

ती करंडा घेऊन आत गेली. (माझा आवाज कधीच चढत नाही. मी पूर्ण वाक्यांत, व्याकरणशुद्ध अपमान करतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला भांडायलाही जागा उरत नाही.)

शुक्रवारी सईने दिवसभर रेखाटने केली. शनिवारी सकाळी अंघोळ करून आली, लॅपटॉप उघडला आणि जागच्या जागी थिजली. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा निघाल्या होत्या आणि अर्धा पडदा काळा होता.

"बाबा... मी काहीच नाही केलं."

मी चष्मा पुसला. "सई, तुझ्यावर रागावण्याचा माझा हेतू नाही. एवढेच विचारतो, ज्या वस्तूसाठी एका माणसाने पाच आठवडे दिले, ती दीड दिवस सांभाळणेही तुला जमू नये, याचे कारण काय असावे?"

"अरे, पण मी रात्री नीट मिटवून ठेवला होता!"

"तो सारखा उलटा करून चित्रे काढण्याची हौस कुणाला होती?"

नाश्ता संपेपर्यंत मी याच विषयाच्या विविध पैलूंवर बोलत होतो. पोरगी रडली नाही; पोहे मात्र तसेच राहिले.

दुपारी आम्ही तिघे कॉलेज रोडच्या दुकानात. दुरुस्तीच्या टेबलाशी माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. मी त्यांना सांगितले, "एकतर बिजागरीत दोष आहे, नाहीतर हाताळणीत. जो असेल तो कृपया लेखी द्यावा."

त्यांनी भिंग लावले, चिमटा घेतला, बिजागरीजवळच्या फटीतून काहीतरी उचलले आणि पांढऱ्या कागदावर ठेवले.

तांदळाचा दाणा! टोकाला लाल.

"अक्षता आहे साहेब. कळांच्या कडेला पडली असणार. वरून झाकण दाबून मिटवलं की काच गेलीच. दसऱ्यानंतर आठवडाभर आम्ही दुसरं काही करत नाही."

"आई!" सई म्हणाली.

सुनीताने वाकून तो दाणा पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा दाण्याकडे.

"हो गं," ती म्हणाली. "माझ्याकडूनच झालं असेल."

आता खरे सांगतो. शनिवारी सकाळी सुनीता फिरायला गेली होती आणि सई अंघोळीला. इतकी मोठी खरेदी, मुलीचे नवे शिक्षण, आणि घरातल्या कुणी साधे कुंकूही लावलेले नाही. माझा जीव राहीना. मी देवघरातून कुंकू घेतले. अक्षतांची वाटी रिकामी होती, म्हणून स्वयंपाकघरातल्या हाती लागलेल्या डब्यातून चिमूटभर तांदूळ घेऊन त्यात ते कालवले. लॅपटॉप उघडून दोन मिनिटे हात जोडले, अक्षता वाहिल्या, मग फुंकर मारून झटकल्या. (सगळ्या झटकल्या गेल्या असे मला वाटले. सोळा निकष तपासणाऱ्या माणसाला तसे वाटले!) झाकण मिटेना, तर अंगठ्यांनी दाबले.

हे सगळे त्या टेबलाशी उभा असताना मला लख्ख आठवत होते. आणि मी काय केले? मी सुनीताला क्षमा केली! भर दुकानात! "असू दे. होते असे एखाद्या वेळी," मी म्हणालो. त्या गृहस्थांनी माझ्या समंजसपणाबद्दल मानही डोलावली.

नवा पडदा यायला दहा दिवस लागणार होते. सई आराखड्यांसाठी कागद आणायला गेली. आम्ही दोघे स्कूटरवरून इंदिरानगरकडे निघालो. मुंबई नाक्याला सिग्नल लाल झाला.

"सुनीता," मी मान न वळवता म्हणालो, "तो दाणा..."

"बासमतीचा होता."

"काय?"

"मी अक्षतांना इगतपुरीचा इंद्रायणी वापरते. आखूड असतो तो. हा एवढा लांब. बासमतीच्या डब्यात हात घालून माझ्या घरात कुंकू कोण कालवणार? सईला करंडा कुठे असतो ते तरी ठाऊक आहे का?"

"मग तू तेथे बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, मग ओरडला, "ओ काका, चला की! इथंच मुक्काम का?"

घरी येऊन मी कपाटातला ताव काढला आणि सईला रीतसर दिलगिरीचे पत्र लिहिले. ती आराखड्यांचे कागद टेबलावर पसरत होती. तिने उभ्यानेच ते वाचले.

"बाबा, यात 'अनवधानाने' चार वेळा आहे."

"होय. घटना अनवधानानेच घडली."

"पडदा अनवधानाने फुटला. सकाळी मला बोललास ते अनवधानाने नव्हतं. एक तास बोललास. ओरडला असतास तरी चाललं असतं रे. आणि आईवर ढकललंस तेही नव्हतं."

मी उत्तरासाठी योग्य वाक्य शोधू लागलो. स्वयंपाकघरात सुनीताने नळ बंद केला.

"चुकलो," मी म्हणालो. तीस वर्षांच्या नोकरीत इतका छोटा मजकूर मी कधी सादर केला नव्हता.

"ठीक आहे," सई म्हणाली. "आता पेन्सिलींना टोक काढ. बारीक. अभ्यास नको, नुसतं टोक."

रविवारी तिने बावीस आराखडे हाताने काढले आणि सोमवारी ते सादर केले. सरांना आवडले, असे तिने आईला सांगितले. मला ते आईकडून समजले. आठवड्याभराने ती मलाही सांगू लागली.

तेव्हापासून कोणतीही खरेदी माझ्याशी बोलल्याखेरीज होत नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो. खिडक्यांचे पडदे असोत वा कुकर, आधी मला विचारणे होतेच.

"बाबा, शनिवारी तू दिवसभर घरीच आहेस ना?"

मी "हो" म्हणतो, आणि त्या दोघी निश्चिंत मनाने दुकानात जातात.