आईचा सोमवार

आमच्या पंचवटीतल्या गल्लीत माझं भारी कौतुक होतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास मी धरायचे, तेही निर्जळी. "केवढी भाविक पोर!" असं बायका म्हणायच्या. डोंबलाची भाविक! मला जाड व्हायची भीती होती, आणि उपास म्हटलं की कुणी आग्रह करत नसे, एवढंच. कधी खाल्लंच तर बाथरूमचा नळ मोठा सोडून ओकून टाकायचे. वर जुलाबाच्या गोळ्या. त्यानंच माझ्या किडन्या गेल्या, हे गल्लीत अजून कुणाला पटत नाही.

आता डायलिसिस. दर वेळी आधी काट्यावर उभं करतात. आकडा वाढलेला दिसला की मी झटकन खाली उतरते. सिस्टर म्हणते, "अगं, पाणी आहे ते, मशीन काढून टाकेल." कळतं हो, पण वळत नाही.

आईची किडनी मला जुळते. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, "उलट्या बंद, रोज नीट जेवण, अंगात ताकद. त्याशिवाय ऑपरेशन नाही." म्हणजे सगळं त्या ताटावर आलं.

सुरुवातीला लोक भेटायला यायचे, हातात शहाळं. आजाऱ्याला शहाळं, ही आपली रीतच! ते मला विषासारखं, त्यातल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडेल, असं सांगितलं की त्यांचं तोंड उतरायचं. मग येणंच थांबलं. दुपारभर घरात मी आणि भिंती.

आणि आईनं काय करावं? मी बरी व्हावी म्हणून कडक सोमवार धरले! माझ्यापुढे भात, उकडून पाणी काढलेली भाजी, अंड्याचा पांढरा भाग. ती समोर नुसती बसलेली. मला घास गिळेना.

"आई, तूही जेव ना. एकटीनं नाही जात गं."

"देवाला बोललेय मी. तुला बरं वाटेपर्यंत."

"मीही देवाचंच नाव सांगायचे, आई."

ती उठून आत गेली. चिडली वाटतं, म्हणून मी ताट सरकवलं. तर ती दुसरं ताट घेऊन आली. देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले, मटकन बसली आणि भाताचा घास तोंडात घातला. चावताना रडत होती.

मीही जेवले. सगळं. मग सवयीनं उठायला लागले, बाथरूमकडे. तिनं खरकट्या हातानंच माझा हात धरला.

"बस," म्हणाली.

हात वाळून कडक होईपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.