दसरूची चित्रं

गोंडपिपरीचे लटारू मास्तर नागपुरात एका कला महाविद्यालयात शिकवत. सत्तावन साली तिथे नवे प्रयोग करणाऱ्या चित्रकारासाठी अध्यापकाची जागा निघाली आणि निवड समितीत मास्तरांनाही बसवलं.

मुलाखतीला आलापल्लीचा दसरू मडावी आला. चित्रकलेच्या परीक्षा देऊन तो लाकूड डेपोत नोकरी करत होता. सागाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाला काजळी फासून तो कागदावर ठसे घेई. सोबत आणलेल्या त्या ठशांतल्या वर्तुळांवरून मास्तरांची नजर हटेना.

"तुमच्याच भागातला दिसतो," शेजारचे प्राध्यापक हसत म्हणाले.

मास्तर चपापले. आपला माणूस घुसवला, असं उद्या कुणी म्हणायला नको. "हात अजून कच्चा आहे," ते म्हणाले. जागा दुसऱ्याला गेली.

बाहेर दसरू पाया पडला. "भाऊ, तुमी आत होते म्हून धीर आला मले."

त्या शब्दांनी मास्तरांना अन्न गोड लागेना. उन्हाळ्याच्या सुटीत ते आलापल्लीला गेले आणि डेपोत दसरूला गाठून सारं सांगितलं. "लोकं काय म्हनतीन, याले भेलो मी."

दसरू ओंडक्यावर बसला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"म्हंजे चित्रं चांगली होती?" त्याने विचारलं.

"सगळ्यात चांगली."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं, भाऊ? मी त सारी चुलीत घातली."

दसरूने जरा सरकून मास्तरांना ओंडक्यावर बसायला जागा करून दिली.