हंगामात मशीन न थांबवणारा एकनाथ

एकनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी तूर निवडत होते. राहिलेली निवडली, मग उठले. माझा धाकटा भाऊ होता तो. पण चार वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते, आणि मेला म्हणून आता गोड लिहिणार नाही. चौथीपर्यंत शिकले आहे. घडलं तेवढं लिहिते.

एक्याऐंशी साली तो अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर लागला. तिथली एक रीत त्याच्या हाडात मुरली होती. गळीत हंगामात मशीन थांबवायचं नाही. आवाज येऊ दे, तेल गळू दे, ऊस संपेपर्यंत ओढायचं आणि हंगाम सरल्यावर खोलायचं. पुढे नोकरी सोडून त्याने जाफराबादला स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान टाकलं, आणि कॉम्प्युटरलाही तो उसाचा चरकच समजला. जालन्याहून येणारा दुरुस्तीवाला माझ्यासमोर त्याला म्हणाला, "काका, ह्या प्रोग्रामात भोक हाय. लाईन जोडली की बाहेरचा कुणीबी आत येतो, तुम्ही काही दाबा न्हाईतर नका दाबू. ही ठिगळाची सीडी आजच टाका."

"किती टाइम लागंल?"

"अर्धा दिवस."

"आत्ता फॉर्मचा सीझन हाय. सरू दे, मंग करू."

"सीझनलाच तर लाईन जास्ती जोडलेली राहते, काका."

"मला मशीन शिकवू नको. जाफराबादला कोण येऊन राह्यलं चोरी करायला?" त्याने सीडी ड्रॉवरमध्ये टाकली. मी तिथेच बसले होते. 

मनीषा माझ्या लेकीची लेक. तिला नर्सिंगला जायचं होतं. बाप म्हणाला, यंदा नंबर लागला तर शीक, नाहीतर वैशाखात लगीन. तिचा दाखला तहसीलमधून निघाला तो शेवटच्या दिवशी, आणि अर्ज इंटरनेटवरूनच भरायचा, पाचच्या आत. दुपारी आम्ही दुकानात गेलो. एकनाथने लाईन जोडली. पोरीने नाव भरलं, गाव भरलं, आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झालं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच... दर मिनिटाला. कुणी काही उघडलं नव्हतं, नुसती लाईन जोडली होती. तो प्लग बदलत राहिला, करंटला शिव्या देत राहिला. सीडी त्याला तीन वाजता आठवली, पण ती टाकायला अर्धा दिवस हवा होता. आम्ही जालन्याच्या जीपमध्ये जाऊन बसलो, पण ती भरेपर्यंत ड्रायव्हर हलला नाही. पोचलो तेव्हा मुदत संपली होती.

लग्न वैशाखात झालं. एकनाथ आहेर घेऊन आला. मी हात लावला नाही.

"आक्का, ते ठिगळ लावलं असतं तरी उद्या दुसरं भोक सापडलं असतं. प्रोग्राम करणारेच म्हणतात, भोकं निघतच राहणार."

"मंग रोज ठिगळ लावायचं. दुसरं काय काम होतं तुला?"

तेच आमचं शेवटचं बोलणं. राग मला त्या प्रोग्राम करणाऱ्यांचाही आहे. गळका माल विकायचा आणि मागून ठिगळं वाटत फिरायचं. असा हंडा आमच्या बाजारात कुणी विकला असता, तर बायांनी त्याच्याच डोक्यात घातला असता. पण ते माझ्या हाती लागत नाहीत. एकनाथ लागला.

त्यानंतर त्याने दुकानाच्या भिंतीवर कागद लावला, असं ऐकलं. दर महिन्याला मशीन बंद ठेवून नवी सीडी टाकायची आणि तारीख लिहून सही करायची. सीझन असो नसो. मी कधी बघायला गेले नाही.

तेरावं झाल्यावर परवा पहिल्यांदा गेले. त्याची सून संगीता गल्ल्यावर होती, समोर एक मुलगी अर्ज घेऊन बसलेली. कागदावर एकनाथच्या सह्या ओळीने उतरत गेल्या होत्या. एकही महिना सुटलेला नव्हता. ह्या महिन्याची ओळ कोरी. सीडी टेबलावर येऊन पडली होती.

"हे कोण करणार?"

"चांगलं चालू हाय, आत्याबाई. ॲडमिशनची गर्दी हाय, नंतर बघू."

मी टेलिफोनची वायर भिंतीतून उपटली आणि हातात धरून स्टुलावर बसले. मुलीला मुदत विचारली. अजून दोन दिवस होते.

"मंग बस जराशी," म्हणाले. "आधी ठिगळ लागंल."

संगीताने तोंड वाकडं केलं, पण सीडी टाकली. तीन तास लागले. मुलगीही बसून राहिली. मग मी वायर जोडू दिली, मुलीचा अर्ज गेलेला डोळ्यांनी पाहिला, आणि एकनाथच्या सहीखाली माझी सही केली.