माझ्या हाताचं मलाच विचारा

"खांद्याच्या हाडाचे तुकडे झालेत," एक्स-रे उजेडाला धरून रोह्याचे डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले. मोडला होता माझा हात. मी शेजारच्याच खुर्चीत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

कासूच्या रस्त्यावर मागून टेम्पोने उडवलं आणि मी उजव्या खांद्यावर पडले. प्रॉक्झिमल ह्यूमरस फ्रॅक्चर, म्हणजे दंडाचं हाड खांद्याशी मोडणं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नको. हात झोळीत ठेवा. घरकामापुरता चालेल."

माझं घरकाम त्यांना काय ठाऊक? भात झोडताना पेंढी डोक्यावर उचलून आपटावी लागते. भारे मीच वाहते. नवरा नुसता मान हलवत होता. मला दोघांचाही राग आला.

दंड काळानिळा पडला. कूस बदलली की आत हाडं घासायची. पुन्हा दाखवायला गेले, तर म्हणाले, "या वयात एवढं चालायचंच." मी पंचेचाळिशीची.

शेवटी नणंद वनिता आली. एक्स-रे पिशवीत टाकत म्हणाली, "चल गो वयनी, पेणला जाव. हितं बसून काय व्हायचा नाय."

पेणच्या सर्जननी आधी मला विचारलं, "या हाताने काय काय करता?" मी सांगत गेले, ते ऐकत राहिले. मग सीटी स्कॅन केला, म्हणजे हाडाचे सगळ्या बाजूंनी फोटो. हाड वाकडं जुळू लागलं होतं.

"प्लेट आणि स्क्रू लावून तुकडे जागेवर बसवू," ते म्हणाले. "लवकर आला असतात तर हात जास्त वर गेला असता. आता पूर्ण जाईल असं वचन देत नाही."

खरं सांगितलं, म्हणून विश्वास टाकला. त्या माणसाची मी ऋणी आहे.

ऑपरेशननंतर फिजिओथेरपी, म्हणजे भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. रडत केली. आज केस माझे मी विंचरते. भात मात्र नवरा झोडतो. जे गेलं ते उशिरामुळे गेलं. तो राग मी गिळलेला नाही, गिळणारही नाही.

परवा तपासणीला गेले, तर बाकावर एक म्हातारी, हात झोळीत. तिचा मुलगा म्हणाला, "तू बस हितंच. तुला काय कळतंय? मी बोलतो डॉक्टरांशी."

मी म्हटलं, "आजी, हात तुमचा हाय. तुम्हीच बोला."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मोडका हात दुसऱ्या हाताने सावरला आणि मुलाच्या पुढे होऊन आत गेली.