आमची आटणारी विहीर

मी साखरखेर्ड्याच्या भर बाजारातली लेक. आमच्या ओट्यासमोरच आठवडी बाजार भरायचा. बोलायला माणूस नाही, ही गोष्ट मी जन्मात पाहिली नव्हती. आणि मला दिलं कुठं, तर बुलडाण्याला, गावाच्या टोकाच्या त्या आळीत! लांब लांब पाच-सहा घरं, मध्ये गवत आणि बाभळी. शांतता म्हणाल तर अशी, की पेन्शनीत निघालेल्या शेजारच्या मास्तरांचं घोरणं आमच्या ओसरीत ऐकू यावं.

सासरे आणि नवरा सकाळी जेवून कचेरीत जायचे. मागे उरायच्या सासूबाई, त्याही मोजक्या शब्दांच्या. "मीठ दे." "दिवा लाव." झालं! मला तर तोंड मिटून बसलं की पोटात दुखतं. पहिले काही महिने मी चुलीच्या धुराचं निमित्त करून पोटभर रडून घेतलं. मग गोठ्यातल्या गाईशी बोलायला लागले. माहेरच्या खबरा, रात्रीची स्वप्नं, भाजी खारट झाल्याचं दुःख, सगळं तिलाच सांगायचं. ती बिचारी रवंथ करत ऐकून घ्यायची.

अशात ती बातमी आली. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. कचेऱ्या वाढत होत्या, कारकून बदलून येत होते आणि त्यांना राहायला खोली मिळत नव्हती. म्हणून गावच्या म्युनिसिपल कमिटीनं ठरवलं, की आमच्या आळीसमोरच्या सरकारी पडीक जागेत लहान लहान प्लॉट पाडायचे आणि भिंतीला भिंत लावून घरं होऊ द्यायची. मी आनंदानं गाईच्या गळ्यातच पडले!

आळीत मात्र हलकल्लोळ माजला. सगळे आमच्या ओसरीवर जमले. मास्तर म्हणाले, "माह्या दुपारच्या झोपीचं काय?" कोणाला ढोरं कुठं चारावी ही चिंता, कोणाला चोराचिलटांची. एकजण तर तावातावानं म्हणाले, "भिंतीले भिंत लागली का कोनाच्या घरी काय शिजलं, तेबी समजन!" मी दाराआड उभी होते. समजलं तर बरंच की हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण नव्या सुनेला विचारतो कोण!

शेवटी सासूबाई बोलल्या. एका दमात एवढे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. "झोप अन् ढोरं राहू द्या बाजूले. पान्याचं बोला. साऱ्या आळीत विहीर एकच, आपल्या परसातली. इतकी घरं आली तं आठ दिवसांत तिचा खडक दिसन."

वा! सगळ्यांच्या माना डोलल्या. सासऱ्यांनी तसाच अर्ज लिहून दिला. माझा जीव खट्टू झाला. पाण्यापुढे कमिटी तरी काय बोलणार?

कमिटीचे साहेब पाहणीला आले ते वैशाखाच्या टळटळीत दुपारी. सोबत जमीन मोजायची साखळी ओढणारे गडी, प्लॉट पाहिजे असलेले कारकून, त्यांतल्या एकाची बायको, आणि फुकटचे बघे. सासूबाईंनी मला सकाळीच बजावलं होतं, "आज पान्याचा थेंब वाया जाऊ देऊ नको."

मोजणी काही संपेना. त्या बाईच्या कडेवरचं लेकरू उन्हानं रडायला लागलं. सासूबाईंनी एकदा पाहिलं, तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं आणि माझ्यावरच कडाडल्या, "पाहून काय राह्यली? दारात लेकरू तानेजलं अन् तू खांबावानी उभी! काढ पानी!"

काढलं. लेकराला दिलं, त्याच्या आईला दिलं. मग सासूबाई म्हणाल्या, "अन् ह्या गड्यायनं काय पाप केलं?" त्यांनाही दिलं. मग कारकून, मग बघे, मग साहेबांच्या दमणी गाडीचे बैल. माणसांच्या हातावर सासूबाई स्वतः गुळाचा खडा ठेवत होत्या. मी रहाट ओढत होते, तळहात लाल झाले होते, पण काय हुरूप आला होता म्हणून सांगू! तिकडे सासरे डोळ्यांनी खुणा करून थकले. शेवटी हळूच म्हणाले, "अवं, पुरे कर ना!"

"पुरे काय पुरे? दारचा मानूस कोरड्या तोंडानं धाडू काय?"

साहेबांनी तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन मिशा पुसल्या आणि विहिरीत डोकावले. अर्ज वाचला. पुन्हा डोकावले. "बाई, एवढी माणसं प्यायली, बैल प्यायले. खडक कुठं दिसतोय?"

सासूबाईंनी पदर सावरला. "दिसन. उद्या दिसन!"

सगळे खो खो हसले, मास्तरसुद्धा. सासऱ्यांनी तेवढा कपाळाला हात लावला.

प्लॉट पडले, भिंती उठल्या. पुढच्या उन्हाळ्याच्या आत समोर बिऱ्हाड आलं, तेही त्याच लेकुरवाळीचं. पहिल्याच सकाळी ती गोवरीचा तुकडा घेऊन चुलीसाठी विस्तव मागायला दारात आली. बोलायला माझी जीभ नुसती वळवळत होती. पण ओसरीत सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या. मी मुकाट्यानं विस्तव दिला आणि आत वळले.

"काऊन वळली?"

"कामं पडली आहेत, आत्याबाई."

"कामं काय पळून चालली? जा तिच्यासंगं. बस घडीभर, बोल." आणि सुपातून मान न उचलता म्हणाल्या, "तू आली तवापासून त्या गाईले सुखानं चारा खाऊ देल्ला नाही."