कस्तुराबाईंनी न दिलेलं उत्तर

कुरुळीच्या कस्तुराबाईंचा हात चपातीवर जितका भरभर चालतो, तितकीच त्यांची जीभही. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये बारा वर्षं पहिल्या शिफ्टला लाटणं धरतात, आणि सुपरवायझरलाही चार शब्द ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. अशा बाईला गप्प बसायला शिकावं लागलं, ते लेकीपायी.

लेक आम्रपाली तळेगावला इंजिनिअरिंगला. हुशार, पण सकाळी घराला कुलूप लावून निघाली की तिचा फोन यायचा, गॅस बंद आहे ना? बाई म्हणायच्या, बंद हाय गं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. ही शंका परीक्षेतही शिरली. उत्तरपत्रिकेवरचा सीट नंबर ती इतक्यांदा तपासायची, की मागच्या सेमिस्टरला दोन पेपर निम्मे कोरे राहिले. या खेपेला ते सुटले नाहीत तर वर्ष जाणार होतं.

शेजारणी म्हणाल्या, लाडानं बिघडलीय. कॉलेजातल्या समुपदेशक नेहा मॅडमनी मात्र आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी. डॉक्टरांकडे नेलं, असाच त्रास असलेल्या मुलांच्या गटात बसवलं आणि मग आईला बोलावून घेतलं.

"कस्तुराताई, तुम्ही तर सहालाच घर सोडता. मग तिनं गॅस बंद केलाय, हे तुम्हाला कसं कळतं?"

बाईंना ते कळत नव्हतंच. लेकीचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून त्या आपलं ठोकून द्यायच्या. मॅडम म्हणाल्या, त्या उत्तरानं दहा मिनिटं बरं वाटतं, पण शंका पोसली जाते. शेवटी आम्रपालीनंच आईला बजावलं, यापुढे मी कितीही विचारलं तरी सांगू नकोस.

तिसऱ्याच दिवशी ती फोनवर रडली. बाई एवढंच म्हणाल्या, "ठरलंय आपलं. मी हाय फोनवर, पर सांगायची न्हाई." आणि डोळे पुसत चपात्या लाटत राहिल्या. आठवड्यामागून आठवडे गेले, तसे फोन कमी होत गेले.

पहिल्या पेपरच्या सकाळी फोन वाजला. "आई..." बाईंनी ओठ दाबून धरले.

"काही नाही. आत जातेय," आम्रपाली म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली ती सगळा पेपर लिहून. आता बाईंच्याच जिभेवर आलं, नंबर नीट टाकलास ना? त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. लेकीनं चेहरा ओळखला आणि खो खो हसत सुटली. "एकदाच बघितला, आई. मग लिहीत सुटले."

निकाल लागला, दोन्ही विषय सुटले. बाईंनी सबंध कँटीनला पेढे वाटले. पुढच्या महिन्यात नेहा मॅडमनी त्यांना इतर मुलांच्या आयांशी बोलायला बोलावलं, आणि गप्प कसं बसायचं यावर कस्तुराबाई तासभर बोलल्या.