नावाने न मारलेली हाक

शाळेच्या शिपायाचा धाकटा परदेशी शिकायला गेला तो एका सत्रापुरताच, पण त्याला निरोप द्यायला सारी गल्ली लोटली होती. पोरगा जमीनमोजणीच्या विद्येत हुशार. जमीन कुठे उतरते, पाणी कुठून वाट काढील, हे त्याला नुसतं उभं राहून उमगायचं. कॉलेजाने निवडला तो उगाच नाही. त्या दिवशी त्याच्या शिपाई बाबांनी शाळा सुटल्याची घंटा जरा जास्तच वेळ वाजवली म्हणतात. खरंखोटं त्या घंटेला ठाऊक.

या बाबांचा स्वभाव सांगितल्याशिवाय पोराची गोष्ट कळायची नाही. शाळेत मास्तर येत, बदलून जात. नवे येत ते बाबांच्या मुलांच्या वयाचे असत. तरी बाबा त्यांना 'सर'च म्हणत, आणि तेही नुसतं तोंडावर नव्हे. घरात जेवताना विषय निघाला तरी 'गणिताचे सर', 'चित्रकलेचे सर'. धाकट्याने लहानपणी एकदा गणिताच्या सरांचं नुसतंच नाव घेतलं, मागे काही न लावता. बाबांनी हात उगारला नाही. हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेले. ते अर्धं राहिलेलं ताट पोराच्या मनातून पुढे कधी उचललंच गेलं नाही.

असा पोरगा तिकडे पोचला. मोजणी शिकवणारे प्राध्यापक पांढऱ्या केसांचे, जाड तळव्यांच्या बुटांचे, उन्हाने रापलेले. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर आपलं नाव लिहिलं. छोटंसं, पाळण्यातल्या बाळाला शोभावं असं. "मला याच नावाने हाक मारायची," ते म्हणाले. धाकटा उभा राहिला आणि सवयीने 'सर' म्हणून काही विचारू लागला, तशी वर्गात खसखस पिकली.

"सर म्हणू नकोस रे," प्राध्यापकही हसले. "इकडे असं फक्त पोलीस म्हणतात. मला वाटतं, तेच शोधत आलेत."

झालं. 'सर' बंद झालं आणि नाव काही ओठांवर येईना. मग त्याने आपल्यापुरती वाट काढली. हाकच मारायची नाही. काही विचारायचं असलं की त्यांच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं आणि ते वर बघेपर्यंत खोकायचं.

फोनवर थोरली बहीण म्हणाली, "अरे, मग त्यांना वाटत असेल तुला दमा आहे!"

"ताई, तू हसू नकोस. माझा जीव जातो इथे."

"नाव घ्यायला सांगितलंय तर घे की. तिथे कुठे बाबा ताट सोडून उठणार आहेत?"

"तू घेशील?"

ताईचं हसणं थांबलं. मग म्हणाली, "खोकत राहा तू. आल्याचा काढा घे वर."

खोकण्यावर दिवस निघत होते. पण मोजणीचं शिक्षण चार भिंतींत होत नाही. गावाबाहेर मोठ्या मोकळ्या माळावर मुलांच्या टोळ्या कामाला लागत. एकाने तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, दुसऱ्याने दूर जाऊन मापाची उंच पट्टी उभी धरायची. मग दिवसभर माळावर एकच गलका. मागे, पुढे, थांब, सरक! कोण कोणाला सांगतोय याचा पत्ता नाही. म्हणून प्राध्यापकांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "आधी नाव, मग काम. नावाशिवाय ओरडाल तर कोणी वळून बघणार नाही. मीसुद्धा नाही." सगळ्यांनी ते पाळलं. धाकटा दुर्बिणीशीच राहायचा आणि हातवारे करून भागवायचा.

त्या दिवशी त्याचा जोडीदार आजारी होता. "चल, तुझी पट्टी मी धरतो," म्हणत प्राध्यापक स्वतःच पट्टी घेऊन निघाले. ऊन कोवळं होतं. गवतावरून वारा झुळझुळत होता. दुर्बिणीत ते इतके जवळ दिसत की कोपरावर उसवलेली सदऱ्याची शिवणही दिसावी. तोंड त्याच्याकडे ठेवून ते एकेक पाऊल मागे जात होते. आणि धाकट्याला त्यांच्या मागे चर दिसला. पाइप टाकण्यासाठी कोणीतरी खणलेला, नुसताच उघडा.

त्याने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि हात हलवले. पट्टी सरळ धरायला सांगतोय असं समजून ते पट्टीच्या टोकाकडे बघू लागले. आता ओरडायलाच हवं होतं. तोंड उघडलं. नाव घशापर्यंत आलं, अगदी जिभेच्या मुळाशी येऊन बसलं, आणि तिथून हलेना. निघालं ते एवढंच, "थांबा! थांबा!"

माळावर त्या घटकेला आणखी चारजण कोणाकोणाला थांबायला सांगत होते. प्राध्यापकांनी आणखी एक पाऊल मागे टाकलं. पट्टी आडवी झाली आणि ते दिसेनासे झाले.

धाकटा असा धावला की जोडा कुठे गेला ते कळलं नाही. चरात उतरला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पायाचं हाड मोडलं होतं. बाकीचे आले तेव्हा तो चिखलात तसाच बसून होता. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांच्या आधी पोचला म्हणून कॉलेजात त्याचं कौतुक झालं. ताईला कळलं, ताईकडून बाबांना. बाबा फोनवर म्हणाले, "सरांचे पाय धरलेस, बरं केलंस पोरा." ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठल्या तोंडाने सांगणार, की ते पडले ते त्याच्याच तोंडामुळे?

सत्र सरलं. निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो त्यांच्या घरी गेला. सांगायचंच असं ठरवून गेला होता. प्राध्यापक खिडकीपाशी बसले होते, प्लास्टरमधला पाय स्टुलावर, काठी खुर्चीला टेकलेली.

"ये, ये. माझा तारणहार आला."

"तसं म्हणू नका," तो म्हणाला. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चर दिसला होता, वेळ होता, नाव घेतलं नाही.

त्यांनी प्लास्टरवरून हात फिरवला. "थांबा असं ऐकू आलं होतं मला," ते म्हणाले. "म्हटलं, दुसऱ्या कोणाला असेल. तू होतास तर. पण का रे?"

"आमच्याकडे शिकवणाऱ्याचं नुसतं नाव घेत नाहीत. मान देतो आम्ही."

"मान?" त्यांनी चष्मा काढला. डोळे काचांमागे दिसायचे त्यापेक्षा थकलेले निघाले. "मला वाटायचं, तुला मी आवडत नाही. बाकीची पोरं दारातून हाका मारत येतात. तू एक टेबलाशी येऊन घसा खाकरणार, काम झालं की निघून जाणार. मी घरीसुद्धा बोललो होतो. म्हटलं, हा मुलगा मला माणसात धरत नाही. माझं काय चुकलं, ते शोधत होतो मी."

धाकट्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पायाचं हाड तो मनाशी रोज मोडून घेत होता. हे दुसरं मोडलेलं त्याच्या गावीही नव्हतं. ज्याला तो आयुष्यभर आदर म्हणत आला, तो समोरच्या म्हाताऱ्याने सत्रभर अपमान म्हणून गिळला होता.

"पाय बरा होईल," प्राध्यापक म्हणाले. "त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पण एकदा म्हण. जाण्याआधी, एकदाच."

त्याने तोंड उघडलं. ते वाट बघत होते. लहान मुलाचं पहिलं पाऊल बघावं तशी त्यांची मान थोडी पुढे झुकली होती. नाव आलं, दातांपर्यंत आलं. पोराच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"असू दे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मग काठी घेऊन उठू लागले, त्याला दारापर्यंत सोडायला. उठताना तोल गेला. धाकट्याने झेप घेऊन त्यांना धरलं, पाठीमागून, दोन्ही हातांनी, घट्ट. पावलापावलाने ते दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर त्यांनी हळूच त्याचे हात सोडवले, त्याला त्याच्या नावाने, नीट उच्चार करून, सुखरूप जा म्हटलं, आणि दार लावून घेतलं.